सव्वीस दारांवर विचारलेला प्रश्न

मोडी मला बाबांनी हौसेनं शिकवली नव्हती. त्यांना मुलगा नव्हता, डोळे अधू होत चालले होते आणि दुकानाची वही परक्याच्या हातात द्यायची नव्हती, म्हणून शिकवली. दुसरं महायुद्ध सुरू होण्याआधीची ही गोष्ट. मी तेव्हा विशीत होते. सकाळी मोहल्ल्यातल्या मुलींच्या शाळेत शिकवायचं आणि दुपारी वही लिहायची, असा माझा दिवस जायचा. लग्न झालं नव्हतं, त्यामुळे गल्लीतल्या बायकांना बोलायला माझा विषय कायम हाताशी असायचा. मीही कुणाचं ऐकून घेणारी नव्हते. आई म्हणायची, हिच्या तोंडाला कुणीतरी डाख द्या रे.

डाख म्हणजे कथलाचं झाळण. आमच्या घरात हा शब्द दिवसातून दहादा निघायचा, कारण आमचा धंदाच गडू बंद करायचा होता. दक्षिणेतून काशीला येणारा प्रत्येक यात्रेकरू गंगेचं पाणी घरी न्यायचा. त्यासाठी ठठेऱ्यांकडून, म्हणजे तिकडच्या तांबटांकडून, तांब्याचे लहान गडू आमच्या मापानं घडवून घ्यायचे, पंचगंगा घाटावर पाणी भरून आणायचं, तोंडावर चकती बसवून डाख द्यायचा आणि वर बाबांचा छाप मारायचा. जे यात्रेला येऊ शकत नसत त्यांच्यासाठी हेच गडू रेल्वेच्या पार्सलनं नागपूर, पुणे, सातारा इकडे जायचे. आमच्या पेटीतून एकही गडू कधी गळत गेला नाही. बाबांना दुसरी कसली घमेंड नव्हती, पण एवढी होती.

दुसरी गोष्ट त्यांच्याकडे होती ती लोकांचा विश्वास. दूधविनायकापासून घाटापर्यंतच्या गल्ल्यांमध्ये एकेका खोलीत एकेक म्हातारी राहायची. या बाया काशीवासाला आलेल्या, म्हणजे इथंच मरायचं असं ठरवून मुलूख सोडून आलेल्या. बहुतेक विधवा. रोजचा खर्च गावाकडच्या मनीऑर्डरवर किंवा अन्नछत्रावर चालायचा. पण येताना प्रत्येकीनं शेवटची सोय म्हणून थोडे पैसे बांधून आणलेले असत. लाकडं, दहाव्या-अकराव्याचा खर्च, तेराव्याला चार पानं. हे पैसे खोलीत ठेवायची भीती, नातेवाईक पाचशे कोसांवर. मग ते बाबांकडे ठेवायच्या. कुणाचे चाळीस, कुणाचे साठ, एकीचे तर दीडशे. बाई गेली की बाबा स्वतः सगळं करायचे, तिच्या शाखेचा भटजी बोलावायचे आणि उरलेच तर गावी पाठवायचे.

त्या वर्षी अशा सव्वीस ठेवी होत्या. सगळ्या मिळून एकवीसशे रुपये. बाबांनी ते पैसे तळघरात पुरून ठेवले नव्हते. ते तांब्यात होते, गडवांत होते. हे त्या बायांनाही ठाऊक होतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. सव्वीसजणी काही एका दिवशी मरणार नव्हत्या.

या ठेवीचा एक रिवाज होता. तो कुणी लिहिला नव्हता, पण मोडतही कुणी नव्हतं. एकदा पैसे दिले की त्यांचं नाव काढायचं नाही. बाबा रस्त्यात भेटले तर बाई गुडघ्यांचं बोलेल, अधिक महिन्याचं बोलेल, भाजी कशी महागली ते बोलेल, पण पैशांचं बोलणार नाही. बाबाही काढणार नाहीत. कारण मध्येच त्या पैशांचा विषय निघाला तर त्याचे दोनच अर्थ होत. एक तर बाईचं काही खरं नाही, नाही तर दुकानाचं काही खरं नाही.

त्याच वर्षी बाबांना चार हजारांचं कर्ज काढायची वेळ आली, ती का ते सांगते. बाबा तांबं कलकत्त्याहून रोखीनं मागवत. हंगामाआधी लागणारी रक्कम चौकातले एक सराफ नुसत्या शब्दावर देत. ते वारले. मुलांनी पेढी गुंडाळली आणि कलकत्ता गाठलं. नेमकं त्याच साली दक्षिणेतल्या एका बड्या व्यापाऱ्यानं दोन हजार गडवांची मागणी पाठवली, सोबत बयाणाही पाठवला. बाबांना एवढं मोठं काम आयुष्यात मिळालं नव्हतं. मागणी पुरी केली तर पुढची दहा वर्षं बघायला नको, आणि नाही केली तर तो व्यापारी दुसरा माणूस शोधणार. उरलेला किरकोळ धंदा तर तसाही कमी होत चालला होता. घाटावर पत्र्याचे स्वस्त डबे विकायला लोक बसू लागले होते. म्हणजे दुकान जगतं की बुडतं, ते या चार हजारांच्या कर्जावर ठरणार होतं.

शहरात एका बँकेची शाखा होती. तिचा एजंट गोरा साहेब. तेव्हा शाखेच्या मुख्याला एजंट म्हणत. बाबा उपरणं घेऊन, पगडी घालून गेले. साहेब चांगलं बोलला म्हणे. तुमचं नाव मी ऐकून आहे, आहे ते तांबं आणि नवं येईल तेही गोदामात आमच्या कुलपाखाली ठेवा, त्यावर रक्कम देतो. फक्त ऑडिटरकडून तीन सालांचे हिशेब तपासून ताळेबंद आणा. मी तुम्हाला ओळखतो, पण कागदावर सही कलकत्त्याचं ऑफिस करतं आणि ते फक्त कागदालाच ओळखतं.

बाबा घरी आले ते खुशीत होते. आईला म्हणाले, "आपली वही स्वच्छ आहे. कुणीही बघावी." मला मात्र तो दिवस आठवला की बाबांचाच राग येतो. वही स्वच्छ असली म्हणजे झालं, असं त्या भल्या माणसाला वाटलं.

ऑडिटरबाबू बंगाली होते. पन्नाशीचे, बारीक, छत्री कायम काखेत. बोलणं मऊ, मला 'बिटिया' म्हणायचे. आमच्याकडे पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत. आई पहिल्या दिवशी रागावली, म्हणाली, एवढा कसला सोवळा हा. मग कळलं की ज्याचे हिशेब तपासायचे त्याच्या घरचं काही घ्यायचं नाही, असा त्यांचा नेम होता. आईला तो इतका आवडला की दुसऱ्या दिवसापासून ती त्यांच्यासाठी चटई झटकून टाकू लागली.

अडचण एकच होती, वही मोडीत होती. बाबूंना मोडीचं अक्षर लागत नव्हतं आणि बाबांना चष्मा लावूनही नीट दिसत नव्हतं. म्हणून मी वाचून हिंदीत सांगायचे आणि बाबू इंग्रजीत उतरवून घ्यायचे. आठ दिवस आमचं हेच चाललं. मी मोठ्यानं 'जमा' म्हणायचे, 'नावे' म्हणायचे, आणि त्यांचा टाक खरखरायचा.

ठेवींचं पान आलं तेव्हा मी थांबले. खोटं कशाला बोलू, ते पान उलटून पुढे जायचा विचार माझ्या मनात आला. त्यांना काय कळणार होतं? माझ्या बोटाखाली काय लिहिलंय ते त्या खोलीत फक्त मला वाचता येत होतं. एकवीसशे रुपयांचं देणं कमी दिसलं असतं आणि ताळेबंद कसा ऐटदार झाला असता. मी बाबांकडे पाहिलं. ते भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होते, आणि त्यांच्या तोंडावर असं समाधान होतं की मी गपचूप सव्वीसच्या सव्वीस नावं वाचून काढली. हे शहाणपण होतं की मूर्खपणा, याचा निकाल मला अजून लागलेला नाही.

बाबूंनी बेरीज केली. मग टाक खाली ठेवून म्हणाले, "या सगळ्यांना मला भेटावं लागेल."

बाबांनी डोळे उघडले. "कशाला?"

"त्यांच्या तोंडून रक्कम ऐकायला."

"मी जास्तीची लिहिली आहे असं वाटतं का तुम्हाला?"

"कमी लिहिली असेल तर?" बाबू अगदी शांतपणे म्हणाले. "वहीत लिहिलेलं देणं मला दिसतं. न लिहिलेलं कसं दिसणार? ते ज्याचं येणं आहे त्यालाच विचारावं लागतं. माझी सही बघून बँक चार हजार देणार आहे. तुम्हाला बघून नाही."

त्यांचं काय चुकलं सांगा. मी किती वेळा विचार केला, पण त्या माणसाला दोष द्यायला मला जागा सापडत नाही. आणि बाबांनी जे सांगितलं त्यातही खोट नव्हती. बाबा म्हणाले, बाबूजी, आमच्यात हे विचारत नाहीत. बाबू म्हणाले, विचारल्याशिवाय मी सही करत नाही. दोघंही खरे, आणि दोघांच्या मध्ये मी वही मांडीवर घेऊन बसलेली.

बाबांना वाटलं होतं, आधी स्वतः जाऊन सगळ्यांना समजावून सांगावं. पण सांगायचं कसं? सांगायचं म्हणजे विषय काढायचाच. दोन दिवस ते घुटमळले. एकदा एका बाईच्या दारापर्यंत जाऊन, तिला तुळशीचं रोप देऊन परत आले. शेवटी म्हणाले, तूच जा बाबूंबरोबर. तुला सगळ्या ओळखतात, शाळेत शिकवणारी पोर म्हणून दार तरी उघडतील. त्या मराठीशिवाय दुसरं बोलत नाहीत आणि बाबूंना मराठी येत नाही.

आईला हे मुळीच पसंत नव्हतं. परक्या पुरुषाबरोबर गल्ल्यांतून हिंडायचं म्हणजे उरलीसुरली स्थळंही गेली, म्हणाली. मी म्हटलं, जाऊ दे, तेवढीच चांभारचौकशी कमी. आणि निघाले.

पहिल्याच दारावर मला कळलं की आपण काय करतोय. बाईंनी आम्हाला बसायला सांगितलं, बाबूंच्या कोटाकडे नि छत्रीकडे पाहिलं आणि मला विचारलं, "प्लेगचा डॉक्टर का गं हा?" मी म्हटलं, नाही, हिशेबाचे आहेत. बाबांकडे तुमचे किती आहेत ते विचारतायत. बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी रक्कम सांगितली, बरोबर सांगितली, आणा-पैसुद्धा. बाबूंनी कागदावर अंगठा घेतला. मग बाई म्हणाल्या, "तुझ्या बाबांची तब्येत बरी आहे ना?"

बरी आहे, मी म्हटलं.

"मग विचारताय का?"

आता मी काय सांगणार? बँक म्हटलं की त्यांना सरकार वाटणार, कर्ज म्हटलं की दिवाळं वाटणार. मी म्हटलं, नुसती रीत आहे. अशी रीत काशीत कधी नव्हती, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

चार दिवस आम्ही हिंडलो. पंचगंगेच्या पायऱ्या चढून-उतरून माझे पाय भरून आले. प्रत्येक दारावर तोच प्रश्न, तोच उतरलेला चेहरा. तिसऱ्या दिवशी तर आम्ही पोचायच्या आधीच बातमी पोचलेली असायची. कुणी म्हणे सरकार ठेवी जप्त करणार, कुणी म्हणे मरणावर टॅक्स बसलाय, आणि एकीनं मला तोंडावर सांगितलं की तुझ्या लग्नात बापानं आमचे पैसे घातले. मी म्हटलं, अहो, लग्न झालंय कुठं माझं? पण त्या ऐकायच्या मनःस्थितीत नव्हत्या. घरी येऊन मी बाबांना हे सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

सव्विसाव्या दारावर मावशी होत्या. माझ्या सख्ख्या नव्हेत. पंचगंगेवर मशिदीखालच्या गल्लीत राहायच्या, म्हणून आम्ही त्यांना पंचगंगेच्या मावशी म्हणायचो. काटक बाई. सत्तरीतही रोज घाट उतरून आंघोळ करायची आणि नावा हाकणाऱ्या मल्लाहांशी भांडायची. त्या वाती वळत होत्या. मी प्रश्न विचारला. त्यांनी मान वर केली नाही.

"किती आहेत ते तुझ्या बाबाला ठाऊक आहे ना?"

"हो."

"मग मला ठाऊक असायची काय गरज? मी गेल्यावर मोजायला येणार आहे का?"

बाबूंना मी हिंदीत सांगितलं. ते म्हणाले, रक्कम नाही तर निदान अंगठा तरी. मावशींनी हात पदराखाली घेतला. "माझा अंगठा त्याला कशाला? तुझ्या बाबानं मागितला असता तर हात तोडून दिला असता. पण तो मागणार नाही, आणि म्हणून तर माझे पैसे त्याच्याकडे आहेत." मग मला म्हणाल्या, "पोरी, तू किती वाळलीस गं. लाह्या खा थोड्या."

मी लाह्या खाल्ल्या. चार दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे चोरासारखं न बघता बोललं होतं. बाबूंनी कागदावर मावशींच्या नावापुढे 'उत्तर नाही' असं लिहिलं. बाहेर आल्यावर म्हणाले, पंचवीस बरोबर, एक उत्तर नाही. फार चांगला निकाल आहे बिटिया, इतका स्वच्छ हिशेब मी क्वचित पाहिलाय. आणि खरोखर त्यांनी तसंच प्रमाणपत्र बँकेसाठी लिहून दिलं. बाबांनी ते देवापुढे ठेवून मग पाठवलं.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी पहिली बाई दुकानावर आली. गावी जायचंय म्हणाली. काशीवासाला आलेली बाई गावी कशी जाईल? बाबांनी काही न विचारता पैसे मोजून दिले. त्यांना वाटलं, चटकन दिले म्हणजे बाकीच्यांना धीर येईल. दुपारी तिघी आल्या. दुसऱ्या दिवशी पाच. मग कारणं सांगणंही थांबलं. दुकानापुढच्या ओट्यावर काठ्या टेकून ओळीनं बसायच्या आणि बाबा आले की पदर पुढे करायच्या. ज्या बाबांना बाळ म्हणायच्या, त्यांच्या नजरेला नजर देत नव्हत्या. एक तर रडत होती. म्हणाली, माझा विश्वास आहे रे, पण सगळ्या घेतायत ना.

पेटीतली रोकड दोन दिवसांत संपली. बाबांनी तांब्याचा पत्रा काढला आणि ठठेरी बाजारात पडेल त्या भावानं विकला. मग तयार गडू गेले. मग आईच्या पाटल्या. मी म्हटलं, बाबा, थोडे दिवस थांबा म्हणून सांगा ना त्यांना, कर्ज मिळालं की देऊ. बाबा म्हणाले, "हे पैसे मागितल्यावर थांबा म्हणायचे पैसे नाहीत." माझ्याशी ते एवढ्या कोरडेपणानं कधी बोलले नव्हते.

आणि अशात बँकेचं पत्र आलं. कर्ज मंजूर. प्रमाणपत्र पाहून कलकत्त्याच्या ऑफिसनं लगेच होकार दिला होता. साहेब गोदामाला कुलूप लावायला येणार होता, फक्त तेवढंच राहिलं होतं. पत्र वाचून दाखवताना मला हसू की रडू कळेना.

साहेब आला, बरोबर कुलूप घेऊन एक चपराशी. बाबांनी गोदामाचं दार उघडलं. आत डाख द्यायची भट्टी होती, फुटके साचे होते आणि एका कोपऱ्यात चाळीसेक गडू. साहेबानं हातातला ताळेबंद पाहिला, पुन्हा गोदाम पाहिलं. इथं अडीच हजारांचं तांबं लिहिलंय, तो म्हणाला. कुठं आहे?

मीच पुढे झाले. माझं हिंदी चांगलं होतं आणि साहेबालाही कामापुरतं येत होतं. मी म्हटलं, साहेब, दुसऱ्या बाजूला बघा. एकवीसशेचं देणं लिहिलंय ना? ते आता नाही. तांबं गेलं, देणंही गेलं, भावात थोडा तोटा झाला तेवढाच. माझे बाबा कालच्याइतकेच खरे आहेत. उलट आज ते कुणाचं फारसं देणं लागत नाहीत.

साहेबानं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुम बिलकुल ठीक कहती हो। लेकिन हम ताँबे पर रुपया देते हैं।" त्यानं ताळेबंदाची घडी घातली आणि चपराश्याला कुलूप परत घ्यायला सांगितलं. जाताना त्यानं बाबांना टोपी काढून सलाम केला. बाबांचा त्यानं अपमान केला असता तर बरं झालं असतं. निदान मला कुणावर तरी ओरडता आलं असतं.

ऑडिटरबाबूही येऊन गेले. छत्री काखेत तशीच. बराच वेळ बसले. म्हणाले, मी जे लिहिलं ते त्या तारखेला खरं होतं. मी म्हटलं, तुम्ही विचारलंत म्हणूनच ते खोटं झालं. त्या दिवशी ते आमच्या घरचं पाणी प्यायले. मला ते नकोसं वाटलं.

एवढं होईपर्यंत चोवीसजणींचे पैसे देऊन झाले होते. व्यापाऱ्याचा बयाणाही परत करावा लागला. राहिल्या दोघी. एक पंचगंगेच्या मावशी, ज्या आल्याच नव्हत्या. त्यांचे सत्तर रुपये बाबांनी एका कापडी पिशवीत घालून कपाटात ठेवले होते आणि मला सांगितलं होतं की याला हात लावायचा नाही. दुसरी होती ती पासष्ट रुपयांची बाई. तिचा भाचा मिर्झापूरला दुकानात होता. बाबा उरलेले गडू घेऊन मिर्झापूरच्या बाजारात गेले होते, त्याच दिवशी नेमका तो भाचा इकडे आला. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून ओरडायला लागला. चोर म्हणाला, मेलेल्यांच्या टाळूवरचं लोणी खाणारा म्हणाला. खिडक्या उघडल्या. शाळेतल्या माझ्या मुली त्या खिडक्यांतून बघत होत्या. ती बाई त्याच्या मागे मान खाली घालून उभी होती.

आई म्हणत होती, थांब, ते संध्याकाळी येतील. मी थांबले नाही. माझा राग माझ्यापेक्षा मोठा होता, लहानपणापासून. कपाट उघडलं, पिशवी काढली, पासष्ट रुपये मोजले आणि त्या माणसाच्या अंगावर फेकावे तसे त्याच्या हातात दिले. मनात म्हटलं, पंचगंगेच्या मावशी धडधाकट आहेत, दहा वर्षं जगतील, तोवर भरून काढू.

बाबा संध्याकाळी आले. मी सांगितलं. ते पिशवी हातात घेऊन बसले. रागावले नाहीत. त्यातले पाच रुपये पुन्हा पुन्हा मोजले, जसे काही मोजून वाढणार होते. गडू विकून ते जे घेऊन आले होते, ते ठठेऱ्याच्या मजुरीत गेलं.

मावशी तीन आठवड्यांनी गेल्या. सकाळी घाटावरून आंघोळ करून आल्या, पडल्या, आणि दुपारी शेजारीण आम्हाला बोलवायला आली. थंडीचे दिवस होते. बाबा लगेच तिकडे धावले, मावशींच्या उशाशी बसले आणि कितीतरी वेळ उठेनातच. शेजारीण म्हणाली, मावशींनी सांगून ठेवलंय, माझं सगळं त्याच्याकडे आहे, कुणी काही करायचं नाही. गल्लीतले चार लोक उभे होते, सगळे बाबांच्या तोंडाकडे बघत. आता बाबा नेहमीप्रमाणे उठतील, भटजीला निरोप धाडतील, स्मशानातल्या डोमाशी बोलतील, असं त्यांना वाटत होतं.

बाबा उठले. माझ्याकडे वळून इतकंच म्हणाले, "कागद घे. वर्गणी काढावी लागेल."

मी आजवर पुष्कळ ऐकून घेतलंय, पण या वाक्यासारखं काही नाही. तीस वर्षं ज्यांनी दुसऱ्यांची मरणं निभावली, ते माझे बाबा उपरणं पसरून दारोदार निघाले आणि मी त्यांच्यामागे कागद घेऊन. त्याच गल्ल्या, तीच दारं. मागच्या खेपेला मी विचारलं होतं, तुमचे किती आहेत. या खेपेला बाबा विचारत होते, काय देता. माझा महिन्याचा पगार झाला नव्हता. पिशवीत उरलेले ते पाच रुपये मी सगळ्यांत आधी लिहिले.

लोकांनी दिलं. कुणी आठ आणे, कुणी चार. कुणी दार लोटूनही घेतलं. मग ती पासष्ट रुपयांची बाई आली, स्वतः होऊन, काठी टेकत. भाचा परत गेला होता. तिनं कमरेची चंची सोडली, एक रुपया काढला आणि माझ्या हातावर ठेवला.

"तू दिलेल्यातलाच आहे," ती म्हणाली. "घे, लाकडांना होईल. बिचारीनं काही सोय करून ठेवली नव्हती वाटतं."

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी हात जोडून तिचे आभार मानले आणि मला म्हणाले, "लिही. त्यांच्या नावावर एक रुपया."

मी लिहिलं.